यंत्र परक्याचे, खेळ पुण्याचा

कापसाच्या जिल्ह्यात बसून व्हिडिओ गेमच्या अर्थकारणावर लिहावे, हे काही वाचकांना विक्षिप्तपणाचे वाटेल. परंतु पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या संस्थेचा ‘राजी’ हा खेळ १८ ऑगस्ट २०२० रोजी प्रसिद्ध झाला, तेव्हा जे घडले ते अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने अवश्य ध्यानात घ्यावे. दुर्गेचे त्रिशूळ हाती घेतलेल्या मुलीची ही कथा प्रथम निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या ‘स्विच’ यंत्रावरच उपलब्ध झाली. आणि ते यंत्र कंपनी भारतात अधिकृतपणे विकतच नव्हती! संगणकावर व इतर यंत्रांवर खेळ आला तो ऑक्टोबरात.

या व्यवसायाची रचनाच अशी आहे. यंत्राचा मालक यंत्र अल्प नफ्यात, प्रसंगी तोट्यातही विकतो आणि वसुली खेळांतून करतो. सगळे खेळ त्याला स्वतःला निर्माण करता येत नाहीत. म्हणून बाहेरचे प्रकाशक हवेत. १९७९ साली अटारी कंपनी सोडून गेलेल्या तंत्रज्ञांनी ‘ॲक्टिव्हिजन’ स्थापिली, तेथून ही परंपरा सुरू झाली. पुढे कोणीही उठावे आणि खेळ काढावा असे झाले, आणि १९८३ मध्ये निकृष्ट मालाच्या पुरात अमेरिकेतील बाजार कोसळला. निन्टेन्डोने त्यापासून धडा घेतला. तिने यंत्रात कुलूपवजा चकती बसविली, परवाना सक्तीचा केला आणि प्रत्येक प्रकाशकास वर्षाला पाचच खेळांची मुभा दिली.

अर्थात मालकाचे सामर्थ्यही यंत्राच्या खपावर अवलंबून असते. २०१२ चे ‘वी यू’ यंत्र जेमतेम एक कोटी पस्तीस लाख खपले आणि मोठ्या प्रकाशकांनी पाठ फिरविली. २०१७ साली ‘स्विच’ आले, तेव्हा छोट्या निर्मात्यांसाठीही दार सताड उघडे ठेवण्यात आले. पुण्याचा खेळ आत गेला तो त्याच दारातून. त्याचा लाभही झाला. २०२० च्या ‘गेम ॲवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातील सर्वोत्कृष्ट खेळासाठी त्याला नामांकन मिळाले.

आमच्या शेतकऱ्याला हा व्यवहार अपरिचित नाही. बीटी कपाशीचे तंत्रज्ञान एकाचे, बियाणे विकणाऱ्या कंपन्या अनेक, आणि प्रत्येक पाकिटामागे तंत्रज्ञानाच्या मालकाचे शुल्क. मात्र तेथे केंद्र सरकारने २०१६ साली ते शुल्क ४९ रुपयांवर बांधले आणि २०२० साली शून्यावर आणले. खेळाच्या विक्रीतील साधारणतः तीस टक्के वाटा घेणाऱ्या परदेशी यंत्रमालकाला दिल्लीतून अशी वेसण घालता येणे कठीण. स्वदेशी यंत्र काढण्याच्या गर्जना तर या लेखकास पोकळच वाटतात. खेळांवाचून यंत्र कोण घेईल, आणि ग्राहकांवाचून खेळ कोण काढील?

उपाय भांडवलाच्या बाजूने शोधावा लागेल. ‘राजी’साठी २०१७ साली लोकवर्गणीचा प्रयत्न झाला, उद्दिष्ट गाठले गेले नाही. अशा निर्मात्याला अटी निवडण्याची चैन परवडत नाही. राज्य मंत्रिमंडळाने २०२५ साली ॲनिमेशन व गेमिंग व्यवसायासाठी धोरण मंजूर केले आहे. त्यातील पैसा केवळ इमारतींत न घालता, तयार होत असलेल्या खेळाच्या स्वामित्वाच्या तारणावर कर्जरूपाने द्यावा. मग काही महिन्यांचा एकाधिकार मागणाऱ्या यंत्रमालकास पुण्यातला, उद्या यवतमाळातलाही, निर्माता निदान त्याची किंमत तरी विचारू शकेल.