घरगुती पाकशिक्षण : नागपुरातील गृहिणींसाठी एक जोडव्यवसाय

स्वयंपाक हे आपल्या कुटुंबव्यवस्थेतील सर्वांत जुने, परंतु ज्याची मोजदाद क्वचितच होते असे कौशल्य होय. गृहिणी दररोज बराच वेळ त्यासाठी खर्च करते. मात्र या श्रमांचे मोल कुटुंबाच्या जमाखर्चात कोठेही नोंदले जात नाही. खानावळ, पोळीभाजी केंद्र, पापड-लोणच्यांचे उत्पादन या मार्गांनी अनेक स्त्रियांनी या कौशल्याला उत्पन्नाचे साधन बनविले आहे. मुंबईत १९५९ साली सात स्त्रियांनी सुरू केलेला ‘लिज्जत पापड’ आणि १९७५ साली प्रेमाताई पुरव यांच्या पुढाकाराने स्थापन झालेले अन्नपूर्णा महिला मंडळ ही त्याची सर्वपरिचित उदाहरणे होत. पदार्थ विकण्याबरोबरच पदार्थ शिकविणे हाही एक जोडव्यवसाय होऊ शकतो. त्यास भांडवल थोडे लागते, घराबाहेर जागा घ्यावी लागत नाही आणि वेळ आपल्या सोयीने ठरविता येतो. मात्र विक्रीपेक्षा त्याचे शास्त्र वेगळे आहे व ते समजून घेतल्याशिवाय या व्यवसायात यश येणे कठीण असते.

नागपूरचे पाकधन

या दृष्टीने नागपूर शहर भाग्यवान म्हटले पाहिजे. शहरातील शैक्षणिक संस्था, रुग्णालये व कार्यालये यांमुळे घरापासून दूर राहणारे विद्यार्थी आणि तरुण नोकरदार येथे मोठ्या संख्येने आहेत. त्यांना रोजचा साधा स्वयंपाक शिकण्याची गरज असते. दुसरीकडे, वैदर्भीय स्वयंपाकातील कित्येक पदार्थ असे आहेत की, जे खाण्याची आवड सर्वांना असली तरी करण्याची हातोटी थोड्यांनाच उरली आहे. पुडाची वडी, पाटोडीचा रस्सा, गोळाभात, वडाभात ही त्यांपैकी काही नावे. लांब रोटीचे उदाहरण तर विशेष बोलके आहे. सैलसर मळलेली कणीक दोन्ही हातांवर झुलवीत लांबवून चुलीवरील पालथ्या मडक्यावर टाकण्याची ही कला पुस्तक वाचून किंवा चित्रफीत पाहून साध्य होत नाही. कणकेचा ताण कोठवर सहन होतो हे जाणत्या हाताशेजारी उभे राहूनच कळते. अशी कला जाणणारी स्त्री ती कोणास शिकविल्याविना निवर्तली, तर त्या घराण्यापुरती ती विद्या संपते.

घरचा स्वयंपाक सार्वजनिक व्यवसाय कसा होतो, याचा अनुभव नागपूरला आहे. विणकरी करणाऱ्या हलबा-कोष्टी कुटुंबांच्या घरातील सावजी स्वयंपाक खानावळींच्या रूपाने प्रथम शहरभर व नंतर शहराबाहेरही पोहोचला. नागपूरचेच विष्णू मनोहर यांनी पुस्तके, दूरचित्रवाणी आणि प्रत्यक्ष प्रात्यक्षिके यांच्या द्वारे पाककला शिकविण्यास लोकमान्यता मिळवून दिली. एप्रिल २०१७ मध्ये त्यांनी नागपुरात सलग ५० तासांहून अधिक काळ स्वयंपाक करून विक्रमाचा मान मिळविला. सामान्य गृहिणीने एवढी मोठी झेप घेण्याची आवश्यकता नाही. सहा विद्यार्थ्यांचा एक वर्ग नीट चालविणे हे तिचे पहिले उद्दिष्ट असावे.

अंदाजाकडून प्रमाणाकडे

उत्तम स्वयंपाक करणारी प्रत्येक स्त्री उत्तम शिक्षिका असतेच असे नाही. तिचे ज्ञान बहुधा हातात असते, शब्दांत नसते. ‘अंदाजाने मीठ’, ‘मावेल तेवढे पीठ’, ‘वास येईपर्यंत परतणे’ हे शब्द जाणकारास पुरेसे असले, तरी नवशिक्यास त्यांचा उपयोग होत नाही. मराठीत पाककृतींचे लेखन जुने आहे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’ हे पुस्तक १९१० साली प्रसिद्ध झाले. त्यानंतर १९७० साली आलेल्या कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने घरोघर स्थान मिळविले, याचे एक प्रमुख कारण म्हणजे त्यातील वाटी-चमच्यांची नेमकी मापे होत. अंदाजाचे प्रमाणात रूपांतर करणे हेच पाकशिक्षिकेचे खरे काम आहे आणि विद्यार्थी शुल्क देतो ते मुख्यतः त्यासाठीच.

हे रूपांतर पुढील रीतीने करता येते. शिकवावयाचा पदार्थ निदान तीन वेळा वजनकाटा जवळ ठेवून करावा व प्रत्येक वेळी जिन्नस, पाणी, आच आणि लागलेला वेळ यांची नोंद करावी. एका घरची वाटी दुसऱ्या घरच्या वाटीएवढी नसते, म्हणून मापाबरोबर ग्रॅममध्येही वजन द्यावे. पिठाला लागणारे पाणी गव्हाच्या जातीप्रमाणे व दळणाप्रमाणे बदलते. नागपुरात मे महिन्यात तापमान ४५ अंशांच्या घरात जाते, तेव्हा आंबवण्याचे पीठ हिवाळ्यापेक्षा बरेच लवकर फुगते. असे बदल कोणत्या खुणेने ओळखावेत, हे सांगणे मापाइतकेच महत्त्वाचे असते.

यापुढची पायरी म्हणजे चुकांचे शिक्षण. पुडाची वडी तळताना का उकलते, गोळाभातातील गोळे का फुटतात, पुरण सैल का होते, या प्रश्नांची उत्तरे ज्या वर्गात मिळतात तेथे विद्यार्थी पुन्हा येतात. कृती आज सर्वत्र विनामूल्य पाहावयास मिळते. मात्र चुकणारा हात जागच्या जागी दुरुस्त करणारी व्यक्ती त्यातून मिळत नाही.

वर्गाची आखणी

आरंभी एका वेळी चार ते सहा विद्यार्थी घेणे इष्ट. त्याहून अधिक संख्या झाल्यास प्रत्येकाच्या हातून पदार्थ करवून घेणे अशक्य होते व उकळत्या तेलाजवळ गर्दी झाल्याने अपघाताचा संभव वाढतो. एका पाठात एक मुख्य व एक साधा पदार्थ पुरेसा आहे. प्रत्येक विद्यार्थ्यास कृतीचे छापील किंवा सुवाच्य हस्तलिखित पान द्यावे. शेंगदाणे, तीळ यांसारखे जिन्नस कोणास बाधतात काय, याची चौकशी आधीच करावी.

पाठांचे वेळापत्रक ऋतुमानास धरून असल्यास खर्च कमी होतो व विद्यार्थीही मिळतात. हिवाळ्यात सांबार, म्हणजे कोथिंबीर, स्वस्त व ताजा असतो. तो पुडाच्या वडीचा काळ. मार्च-एप्रिल कुरडया, पापड व शेवयांसाठी, पावसाळ्याचा आरंभ आंब्याच्या लोणच्यासाठी आणि दिवाळीपूर्वीचा महिना फराळासाठी राखून ठेवावा. संत्र्याच्या दोन्ही बहारांत बर्फी व मुरंब्याचे पाठ घेता येतील. भौगोलिक मानांकन लाभलेली भिवापूरची मिरची आणि वायगावची हळद यांची ओळखही अशा वर्गांतून करून देता येईल.

शुल्काचा हिशेब

या व्यवसायात सर्वाधिक चुका होतात त्या शुल्क ठरविताना. ‘घरचीच भांडी, घरचाच गॅस’ या समजुतीने केवळ जिन्नसांचा खर्च धरला जातो आणि स्वतःचे श्रम हिशेबाबाहेर राहतात. उदाहरणादाखल असे समजू की, चार पाठांच्या अभ्यासक्रमासाठी प्रत्येकी १,००० रुपये शुल्क आहे व सहा विद्यार्थी आहेत. जमा ६,००० रुपये. जिन्नस १,६००, इंधन ३००, छपाई व भांड्यांची झीज ३००, प्रसिद्धी २०० असा २,४०० रुपये खर्च वजा जाता ३,६०० रुपये उरतात. आता वेळ पाहावा. प्रत्येक पाठाचे अडीच तास, पूर्वतयारी व आवराआवर यांचे दोन तास आणि बाजारहाटाचा एक तास धरल्यास चार पाठांचे २२ तास होतात. म्हणजे ताशी सुमारे १६४ रुपये मिळाले. विद्यार्थी तीनच आले, तर जिन्नसांचा खर्च १,००० रुपयांपर्यंत उतरेल. इतर ८०० रुपये मात्र कायम राहतील. शिल्लक १,२०० रुपये, म्हणजे ताशी ५५ रुपयांहूनही कमी. यावरून किमान विद्यार्थिसंख्या ठरविल्याशिवाय वर्ग सुरू करू नये आणि शुल्क आगाऊ घ्यावे, हे स्पष्ट होईल. वरील आकडे केवळ नमुन्यादाखल आहेत. प्रत्येकीने आपल्या बाजारभावाने ते पुन्हा मांडावेत.

मिळालेले शुल्क शिक्षिकेच्या स्वतःच्या बँक खात्यात जमा होणे अगत्याचे आहे. घरखर्चात मिसळलेली रक्कम व्यवसायाची नफा-तोट्याची स्थिती दाखवीत नाही. शिवाय पुढे कर्ज हवे असल्यास बँकेपुढे ठेवावयास नोंदही राहत नाही.

नियमांचे पालन

घरगुती वापराची १४.२ किलोची गॅस टाकी व्यावसायिक कामासाठी वापरता येत नाही. नियमित सशुल्क वर्गासाठी व्यावसायिक जोडणी घ्यावी किंवा विजेच्या शेगडीचा पर्याय तपासावा. वर्गाबरोबर पदार्थांची विक्रीही करावयाची असल्यास अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ अन्वये नोंदणी आवश्यक असते. ती कोणत्या प्रकारची असावी हे उलाढालीवर अवलंबून असल्याने अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात आधी विचारणा करावी. सूक्ष्म उद्योगांसाठी २०२० पासून सुरू झालेली ‘उद्यम’ नोंदणी निःशुल्क आहे.

शासकीय कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांनी आणखी एक बाब ध्यानात ठेवावी. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ अन्वये कर्मचाऱ्यास पूर्वपरवानगीवाचून स्वतः व्यापार-व्यवसाय करता येत नाही आणि कुटुंबातील व्यक्ती व्यवसाय करीत असल्यास तसे शासनास कळवावे लागते. वेळीच दिलेल्या एका पत्राने पुढील अडचणी टळतात.

स्थानिक संस्थांचे कर्तव्य

व्यवसायाचे प्राथमिक ज्ञान देण्यासाठी महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र तसेच बँकांमार्फत चालविल्या जाणाऱ्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आहेत. १९७५ साली स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ, तसेच २०११ साली सुरू झालेले ‘उमेद’ अभियान बचतगटांच्या माध्यमातून स्त्रियांपर्यंत पोहोचले आहे. ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाच्या १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी खर्च करावयाची असते. या निधीतून गावातील जाणत्या स्त्रीस मानधन देऊन तिचा वर्ग समाजमंदिरात भरविण्याचा विचार पंचायत सदस्यांना करता येईल. शिक्षकांनी अशा वर्गांत मुलींबरोबर मुलांनाही पाठवावे. शिक्षणासाठी उद्या नागपूर, पुणे वा मुंबईस जाणाऱ्या मुलास वरण-भात व पोळी करता येणे ही त्याच्या आरोग्याची आणि पालकांच्या खिशाची गरज आहे.

पाकशिक्षणाचा वर्ग कोणास एका वर्षात श्रीमंत करणार नाही. परंतु जी विद्या आजवर कर्तव्य म्हणून गृहीत धरली गेली, तिचे माप, तिचा वेळ आणि तिची किंमत प्रथमच कागदावर उतरते. वजनकाटा, एक वही आणि स्वतःच्या नावाचे बँक खाते एवढ्या तीन साधनांवर या व्यवसायाचा आरंभ होऊ शकतो.