सौर पॅनेलची माळ आणि इन्व्हर्टरचे माप

परंड्यात आमच्या कापड दुकानाच्या गच्चीवर उन्हाळ्यात 540 वॅटची 12 पॅनेल बसली, खाली 5 किलोवॅटचा इन्व्हर्टर. मागच्या खोलीतील शिलाई मशिनी दिवसभर त्यावर चालत. दिवाळीपर्यंत तक्रार नव्हती. थंडी पडली आणि एका सकाळी इन्व्हर्टरवर लाल दिवा लागला. आठवडाभरात त्याचे आतले कार्ड गेले. वॉरंटी मागितली तर उत्तर आले, व्होल्टेज मर्यादेबाहेर गेले होते, भरपाई मिळणार नाही.

चूक कोठे झाली ते आम्ही नंतर कागद घेऊन तपासले. आमच्या व्यापारी व कारागीर बंधूंनी हा हिशेब पॅनेल घेण्यापूर्वीच करावा, म्हणून येथे मांडत आहोत.

पॅनेल एकामागून एक जोडली की त्यांची माळ होते. फिटर तिला स्ट्रिंग म्हणतात. माळेत व्होल्ट वाढत जातात, अँपिअर मात्र एका पॅनेलइतकेच राहतात. आमच्या पॅनेलच्या मागच्या पट्टीवर 'व्हीओसी' म्हणजे भार नसतानाचे व्होल्टेज 49.5 होते. इन्व्हर्टरची कमाल मर्यादा 600. बारा गुणिले 49.5 म्हणजे 594. बसवणाऱ्याने सर्व बारा पॅनेल एकाच माळेत ओवली. त्याने हिशेब केला नव्हता असे नाही, पण अर्धाच केला.

कोरे सुती कापड धुतल्यावर आटते हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. पॅनेलचे व्होल्टही असेच उन्हात आटतात आणि थंडीत फुगतात. पट्टीवरचा आकडा 25 अंश तपमानाचा असतो. त्याखाली दर अंशाला व्हीओसी सुमारे 0.28 टक्के वाढते. नेमका आकडा कंपनीच्या माहितीपत्रकात मिळतो. आपल्याकडे पहाटेची थंडी धरून, थोडी सावधगिरी ठेवून, 5 अंशांवर हिशेब करावा. वीस अंशांचा फरक म्हणजे 5.6 टक्के. एक पॅनेल 52.3 व्होल्टचे झाले, बारांची माळ 627 ची. सूर्य उगवताच, पॅनेल तापण्याआधी, हे व्होल्टेज इन्व्हर्टरवर येते. या इन्व्हर्टरला एका माळेत 11 हीच हद्द होती.

उलट बाजूही पाहावी. मे महिन्यात पत्र्याजवळचे पॅनेल 70 अंशांवर सहज जाते. चालू स्थितीतले व्होल्टेज, 'व्हीएमपी', पट्टीवर 41.5 असले तरी तेव्हा 35 च्या आसपास उरते. आमच्या इन्व्हर्टरला नीट काम करायला किमान 200 व्होल्ट लागतात. पाच पॅनेलचे 175 होतात, ते कमी पडतात, सहांचे 210. म्हणजे माळ सहापेक्षा लहान नको, अकरापेक्षा मोठी नको.

नव्या इन्व्हर्टरला दोन स्वतंत्र इनपुट आहेत. त्यांवर सहा-सहाच्या दोन माळा केल्या. थंडीत 314, उन्हाळ्यात 210. एक माळ पूर्वेकडे, दुसरी पश्चिमेकडे तोंड करून आहे, तेही यामुळे साधले. वेगवेगळ्या दिशेची पॅनेल एकाच माळेत घातली तर कमी ऊन मिळणारी बाकीच्यांनाही मागे ओढतात. पाण्याच्या टाकीची सावली हाच प्रकार करते.

अँपिअरही विसरू नयेत. मोठी पॅनेल 13 अँपिअर देतात आणि काही जुन्या इन्व्हर्टरचे इनपुट 11 किंवा 12.5 वरच थांबते. वरची वीज मग वाया जाते. 5 किलोवॅटच्या इन्व्हर्टरवर 6.48 किलोवॅटची पॅनेल हे मात्र चुकीचे नाही, कंपनीने तेवढी परवानगी दिली असेल तर. पॅनेल पूर्ण वॅट क्वचितच देतात.

जाता जाता एक गोष्ट. 2024 च्या पीएम सूर्यघर योजनेतील 78,000 रुपयांपर्यंतचे अनुदान घरासाठी आहे. दुकानासाठी ते मिळेल असे सांगून कोणी ऑर्डर घेत असेल तर फसू नये.

कोटेशनमध्ये एका माळेत किती पॅनेल आणि 5 अंशांवर त्यांचे व्होल्ट किती, हे लिहून मागावे. आम्ही दुसऱ्या खेपेस मागितले तेव्हा एकाने टाळाटाळ केली, दुसऱ्याने तिथेच कॅल्क्युलेटर काढला. काम त्यालाच दिले.