हवेची पिशवी आणि पोलादी गोळी

ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार भिंतीवर आदळली, तर ती सुमारे एक दशांश सेकंदात थांबते. आत बसलेला मनुष्य मात्र जडत्वामुळे पूर्वीच्याच वेगाने पुढे जात राहतो. त्याची छाती आणि स्टिअरिंगचे चाक यांच्यामध्ये तेवढ्या अवधीत एक उशी आणून ठेवावयाची, ही कल्पना जॉन हेट्रिक या अमेरिकन अभियंत्यास १९५२ साली सुचली. मोटार एकाएकी थांबवावी लागली, तेव्हा जवळ बसलेल्या आपल्या लहान मुलीस सावरण्यासाठी त्याने व त्याच्या पत्नीने हात आडवे धरले होते. पुढील वर्षी त्यास या युक्तीचे एकस्व मिळाले. परंतु दाबून साठविलेली हवा पिशवी वेळेत भरण्यास अपुरी पडे.

त्याहूनही बिकट प्रश्न होता तो अपघात ओळखण्याचा. चाक खड्ड्यात आपटले तरी मोटारीस जबर हिसका बसतो. तेव्हा हिसक्याची तीव्रता पाहून भागत नाही. तो किती काळ टिकला, हेही पाहावे लागते. ॲलन ब्रीड या अभियंत्याने काढलेला तोडगा मोठा सुबक होता. एका आखूड नळीत पोलादी गोळी असते आणि मागच्या टोकाशी तिला लोहचुंबकाने धरून ठेवलेले असते. मोटारीचा वेग एकदम घटला की गोळी चुंबकापासून सुटून पुढे निघते. मात्र नळी व गोळी यांत फट अगदी अरुंद असल्याने पुढची हवा मागे सरकण्यास वेळ लागतो व गोळी रेंगाळते. खड्ड्याचा हिसका तोवर संपलेला असतो, आणि चुंबक तिला परत ओढून घेतो. खऱ्या अपघातात वेगाची घट चालूच राहते. गोळी पलीकडच्या दोन धातुपट्ट्यांना टेकते आणि विद्युन्मंडल पूर्ण होते. आजच्या मोटारींत गोळीचे काम सिलिकॉनची सूक्ष्म चकती करते. निर्णय संगणक घेतो. तत्त्व तेच आहे.

संकेत मिळताच रासायनिक गोळ्या पेटतात. पूर्वी त्यांत सोडियम ॲझाइड असे. त्याचे विघटन होऊन निघणारा नायट्रोजन सुमारे तीन शतांश सेकंदात पिशवी फुगवतो. पापणी लवण्यासही याहून अधिक वेळ लागतो. पिशवीच्या मागील छिद्रांतून वायू लगेच निसटू लागतो, नाहीतर डोके तिच्यावरून चेंडूसारखे उलट फेकले जाईल.

अशा वेगाने उघडणारी पिशवी जवळच्या लहान शरीरास मात्र घातक ठरते. १९९० च्या दशकात अमेरिकेत किरकोळ टकरींतही काही मुले तिच्याच आघाताने दगावली. म्हणून मागे तोंड केलेले तान्ह्या बाळाचे आसन पुढे, चालू पिशवीसमोर कधीही ठेवू नये, आणि मोठ्यांनीही पट्टा बांधूनच बसावे.

भारतात चालकासाठी ही पिशवी १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत सक्तीची झाली. हौसेने पुढे लावलेले लोखंडी गज आघाताचा मार्गच बदलतात, त्यामुळे संवेदकाचा अंदाज चुकू शकतो. केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना अशा गजांविरुद्ध कारवाई करण्यास कळविले होते.