ज्वालाग्राही शब्द

इंग्रजी शब्दसंग्रह वाढविण्यासाठी शब्दांच्या याद्या पाठ करण्याचा प्रघात आपल्याकडे जुनाच आहे. परंतु सोलापूर-पुणे मार्गावरील चिंचोळी एमआयडीसीसारख्या, रासायनिक कारखाने असलेल्या वसाहतीत केवळ पाठांतर पुरे पडणार नाही. ‘इन’ हा उपसर्ग नकारार्थी, एवढेच शिकलेला तरुण पिंपावरील ‘इन्फ्लेमेबल’ या शब्दाचा अर्थ ‘न पेटणारे’ असा लावील. वस्तुतः लॅटिनमधून आलेला येथील ‘इन’ नकार दर्शवीत नाही. पदार्थ ज्वालाग्राहीच असतो. हा घोटाळा ओळखूनच १९२० च्या दशकात अमेरिकेतील राष्ट्रीय अग्निसंरक्षण संस्थेने ‘फ्लेमेबल’ या शब्दाचा आग्रह धरला. प्रगत शब्दसंग्रहाची खरी कसोटी अशा नित्याच्या शब्दाचे मूळ जाणण्यात आहे. कारखानदारांनी निदान धोक्याच्या शब्दांचे अर्थ तरी कामगारांना मराठीतून समजावून द्यावेत. परीक्षेतील चुकीने गुण जातात. येथे प्राणावर बेतते.