तोफूतलं पाणी, वांग्यातली हवा

तोफू बेचव लागतो आणि वांगं तेल पितं, या दोन तक्रारी नेहमी वेगवेगळ्या केल्या जातात. त्यांचं मूळ एकच आहे आणि ते जपानी स्वयंपाकातल्या 'आगेदाशी' या पदार्थात सर्वांत स्पष्ट दिसतं. तोफूचे चौकोनी तुकडे बटाट्याच्या स्टार्चमध्ये घोळवून तळायचे, वांग्याच्या फोडी नुसत्याच तळायच्या, दोन्ही वाडग्यात मांडून त्यावर सोया सॉस आणि मिरिन हे तांदळाचं गोडसर मद्य घातलेलं कढत दाशी ओतायचं, वर किसलेला पांढरा मुळा आणि आलं. दाशी म्हणजे कोंबू हे समुद्रशैवाल आणि सुकवलेला बोनिटो मासा यांचं पातळ सार. एवढीच कृती. १७८२ साली ओसाकात 'तोफू ह्याकुचिन' हे तोफूच्या शंभर कृतींचं पुस्तक निघालं होतं, म्हणजे तोफूचा इतका बारकाईने विचार तिथे फार आधीपासून होत आला आहे. तरीही घरी केल्यावर तोफू चामट होतो, वांगं तेलकट होतं, आणि दोष परदेशी सामग्री न मिळाल्यावर ढकलला जातो. माझ्या मते चूक सामग्रीत नसून रचना न समजण्यात आहे. या पदार्थात चव बाहेरून, सारातून येते. तोफूने आपलं पाणी धरून ठेवायचं असतं आणि वांग्याने आपल्यातली हवा सोडून द्यायची असते. एकाच कढईत ही दोन परस्परविरुद्ध कामं साधायची आहेत.

आधी तोफू. भिजवलेलं सोयाबीन वाटून, उकळून, गाळून त्याचं दूध काढतात. उकळताना ग्लायसिनिन आणि बीटा-कॉनग्लायसिनिन ही सोयाबीनची मुख्य प्रथिनं उलगडतात, पण त्यांच्यावरच्या ऋण विद्युतभारामुळे ती एकमेकांपासून दूरच राहतात. तेव्हा त्यात निगारी घालतात. समुद्राच्या पाण्यातून मीठ काढून घेतल्यावर जे कडवट द्रावण उरतं ते हे, आणि त्यात मुख्यतः मॅग्नेशियम क्लोराइड असतं. काही ठिकाणी त्याऐवजी कॅल्शियम सल्फेट वापरतात. मॅग्नेशियमचे किंवा कॅल्शियमचे धनभारित आयन प्रथिनांमध्ये दुवा साधतात, प्रथिनांचं जाळं तयार होतं आणि त्या जाळ्यात पाणी अडकून राहतं. न दाबता तसाच जमू दिलेला 'किनुगोशी' आणि कापडात दाबून पाणी काढलेला 'मोमेन' या दोन्ही प्रकारांत पाण्याचं प्रमाण साधारण ८५ ते ९० टक्के असतं. तोफूचा मऊपणा म्हणजे हेच अडकलेलं पाणी. अडचण अशी की तोफू पुन्हा बराच वेळ तापवला तर त्यात उरलेले मॅग्नेशियम-कॅल्शियम दुवे साधतच राहतात. जाळं आकसतं, पाणी पिळून निघतं, आत बारीक भोकं पडतात आणि तुकडा रबरासारखा होतो. यावर जपानी घरांतला उपाय सोपा आहे: तोफू उकळायच्या पाण्यात चिमूटभर मीठ. मिठातलं सोडियम त्या धातूंच्या आड येतं आणि जाळं घट्ट होण्याचा वेग कमी होतो.

स्टार्चचं कामही इथे नीट कळतं. कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं ठेवलेल्या तोफूचा फक्त पृष्ठभाग कोरडा व्हायला हवा. वर वजन ठेवून तो पिळून काढणं म्हणजे जे टिकवायचं तेच घालवणं. पृष्ठभागावरचा उरलासुरला ओलावा स्टार्च शोषून घेतो, तेलाच्या १७०-१८० अंश सेल्सिअस तापमानात क्षणात फुगतो आणि पातळ पापुद्रा बनवतो. आत पाणी आहे तोवर गाभ्याचं तापमान शंभर अंशांच्या वर जात नाही, आणि दोन-तीन मिनिटांत तुकडा बाहेर निघत असल्याने जाळ्याला आकसायला वेळ मिळत नाही. मग त्यावर सार पडलं की तोच पापुद्रा सार पिऊन बुळबुळीत, पारदर्शक होतो आणि चव तुकड्याला धरून ठेवतो. बेचव तोफूला चव येते ती इथे, पृष्ठभागावर. बटाट्याचा स्टार्च न मिळाल्यास कॉर्नफ्लोअर चालतं, फक्त थर थोडा धुरकट दिसतो.

वांग्याची गोष्ट उलटी. त्यातही नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं, पण गराच्या पेशींमध्ये हवेच्या असंख्य पोकळ्या असतात. वांगं पाण्यावर तरंगतं ते त्यामुळेच. तापल्यावर या पोकळ्यांत तेल शिरतं आणि गर स्पंजसारखा ते धरून ठेवतो. मंद आचेवर फोडी टाकल्या की त्या तेल पितात, कढई कोरडी दिसते, आपण आणखी तेल ओततो. पण पेशीभित्तिका मऊ पडून कोसळल्या की पोकळ्याच उरत नाहीत, आणि प्यायलेल्या तेलातलं बरंचसं तेल फोडी परत सोडतात. म्हणून तेल कडक तापलेलं हवं, आणि तळून झाल्यावर फोडी लगेच निथळायला हव्यात, कारण थंड होताना आतली वाफ आकसते आणि पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं. मीठ लावून ठेवण्याचा फायदाही हाच. कडूपणा काढण्यासाठी मीठ लावतात असं सांगितलं जातं, पण आजच्या बहुतेक जाती फारशा कडू नसतात. मीठ पेशींतलं पाणी ओढतं, गर बसतो, पोकळ्या कमी होतात. आपलं भरीत थोड्या तेलात होतं त्याचं कारणही तेच आहे: फोडणी पडते तेव्हा भाजलेल्या वांग्यात तेल साठवायला जागाच शिल्लक नसते. भाजलेल्या वांग्याची साल काढून त्यावर आलं आणि सोया सॉस घालणारा 'याकिनासु' जपानमध्येही आहे.

मग तळायचंच कशाला, वाफवून का नको, हा आक्षेप रास्त आहे. वाफवल्याने गर नक्कीच बसतो आणि तेल वाचतं. पण सालीचा जांभळा रंग जातो. तो रंग नासुनिन या द्रव्याचा. १९१६ साली तोहोकू विद्यापीठातून विज्ञानाची पदवी घेऊन जपानमधली पहिली विज्ञान-पदवीधर स्त्री ठरलेल्या चिका कुरोदा यांनी १९३०च्या दशकात त्याचा अभ्यास केला. नासुनिन पाण्यात विरघळतं, म्हणून वांगं उकळलं की साल तपकिरी पडते. कडक तेलात आधी सालीची बाजू टाकली तर रंग झटक्यात पक्का बसतो आणि तेलाचा थर त्याला पाण्यापासून वाचवतो. अॅल्युमिनियमच्या किंवा लोहाच्या आयनांशी जोडलं गेलं की नासुनिन स्थिर होतं, म्हणूनच जपानी लोणच्यात वांग्याला तुरटी लावायची किंवा बरणीत लोखंडी खिळा टाकायची पद्धत पडली. ज्यांना तेल टाळायचंच आहे त्यांनी फोडी आधी थोड्या वाफवून मग सालीकडून थोड्या तेलात परताव्यात. रंग थोडा फिका होईल, चव बिघडणार नाही.

दुसरा आक्षेप शाकाहाराचा. माशाशिवाय सार फिकं पडणार नाही का? किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली कोंबूतून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्याच्या चवीला 'उमामी' नाव दिलं. १९१३ मध्ये शिंतारो कोदामा यांना सुक्या बोनिटोत इनोसिनेट सापडलं. पुढे अकिरा कुनिनाका यांनी ग्वानिलेटची चव ओळखली आणि दाखवून दिलं की ग्लुटामेटच्या जोडीला अशी द्रव्यं आली की चव बेरजेपेक्षा कितीतरी पटींनी वाढते. हे ग्वानिलेट सुक्या शिइताके अळंबीत भरपूर असतं. बौद्ध मठांतल्या 'शोजिन' स्वयंपाकात कोंबू आणि सुकी शिइताके यांचंच सार शतकानुशतकं होत आलं आहे. तेव्हा शाकाहारी सार ही तडजोड नव्हे. तोफूऐवजी पनीर मात्र चालणार नाही. पनीर आम्लाने फाडलेल्या दुधाचं असतं, दाबून घट्ट केलेलं, तोफूपेक्षा पुष्कळ कमी पाण्याचं आणि भरपूर स्निग्धांशाचं. ते तळून छान लागतं, पण पापुद्र्याआडचा थरथरता मऊपणा त्यातून मिळत नाही.

खरी अडचण आपल्या बाजारात आहे. इथे मिळणारा तोफू बहुधा पनीरची जागा घेण्यासाठी घट्ट दाबलेला असतो. सोयाबीन पिकवण्यात महाराष्ट्र देशातल्या अग्रेसर राज्यांपैकी आहे, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याच्या जाती विकसित केल्या आहेत, पण मराठवाड्यातलं आणि विदर्भातलं बहुतेक सोयाबीन तेल गिरण्यांकडे जातं आणि उरलेली पेंड पशुखाद्यात. ताजा, न दाबलेला तोफू करायला सोयाबीन, पाणी, मॅग्नेशियम क्लोराइड आणि स्वच्छता एवढंच लागतं. गावातल्या लहान डेअऱ्यांनी आणि बचतगटांनी तो करून पाहावा, आणि दुकानात गेल्यावर आपणही मऊ तोफू आवर्जून मागावा.