चेहऱ्याची साक्ष

कंपवाताच्या रोग्याचा चेहरा त्याच्या बुद्धीविषयी फारच बेभरवशाची साक्ष देतो, याचा प्रत्यय मला लोह्याहून नांदेडास तपासणीसाठी आणलेल्या एका निवृत्त तलाठ्याच्या शेजारी बसून आला. ज्यांनी हयातभर सातबारा आणि फेरफार सांभाळले, त्यांच्या मुद्रेवर आता हर्ष वा विषाद उमटत नाही, पापणी क्वचित लवते, आणि प्रश्न व उत्तर यांच्यामध्ये एवढा अवकाश पडतो की "ह्यांना काही उमजंना झालंय" असा निकाल पत्नी परस्पर देऊन टाकते.

डॉक्टरीणबाईंनी मात्र लेव्होडोपाची सकाळची गोळी लागू पडेपर्यंत थांबून मगच माँट्रियलला सिद्ध झालेल्या, तीस गुणांच्या परीक्षेचा कागद पुढे केला. शंभरातून सात-सात वजा करीत काका संथपणे, पण बिनचूक उतरत गेले. आकडे व अक्षरे आळीपाळीने जोडताना मात्र एकावरून 'अ', 'अ'वरून दोन एवढे झाल्यावर पेन्सिल सरळ तिनाकडे वळली. आजची तारीख चुकली. माळेगावची यात्रा होऊन पंधरवडा लोटला, हे मात्र अचूक सांगितले. (मी परीक्षक असतो तर अर्धा गुण दिला असता.) आरंभी ऐकविलेल्या पाच शब्दांपैकी दोनच आठवले.

"काका, एक शरीराचा भाग होता बघा."

बऱ्याच वेळाने उत्तर आले, "चेहरा."

संकेतानंतरच्या उत्तरास या परीक्षेत गुण नाही, तरी बाईंनी ते समासात टिपले. कारण या व्याधीत पुष्कळदा नोंद दप्तरी असते, पण पेशकाराला ती वेळेवर सापडत नाही. १८१७ साली या रोगाचे वर्णन करताना जेम्स पार्किन्सनने बुद्धी अबाधित राहते असा निर्वाळा दिला होता. तो उदार असला तरी अपुरा ठरला, कारण अवधान, नियोजन, इतकेच नव्हे तर दुसऱ्याच्या चेहऱ्यावरील भाव ओळखणे हेही यात मंदावू शकते, आणि काहींना पुढे स्मृतिभ्रंशही गाठतो.

शेवटी बाईंनी पिशवीतली औषधे टेबलावर मांडली. त्यांत कंप आवरण्यासाठी दिलेले, पण वृद्धांची स्मृती गढूळ करणारे ट्रायहेक्सिफेनिडिल निघाले. ते एकदम बंद न करता टप्प्याटप्प्याने कमी करावे आणि मग परीक्षा पुन्हा घ्यावी, असे ठरले. तोवर गेलेले गुण रोगाच्या खाती टाकायचे की औषधाच्या, हे सांगता येत नव्हते.