भोक नसलेली कुंडी

कास फुलल्याच्या बातम्या, गाड्यांच्या रांगा, ऑनलाइन बुकिंगची घाई, हे सगळं तुम्ही वाचलं असेलच. मेढ्यात राहणाऱ्या माणसाला मात्र या दिवसांत कास आठवतं ते दुसऱ्याच कारणाने. घाटावर स्ट्रॉबेरीचे गादीवाफे भरायला लागतात, त्यांवर मल्चिंगचा कागद आणि ठिबकच्या नळ्या पसरल्या जातात. ज्यांना शेत नाही ते त्याच हौसेने गच्चीवर चार कुंड्या मांडतात. डिसेंबर येईपर्यंत यातल्या बऱ्याच कुंड्या रिकाम्या होतात आणि ठपका रोपावर येतो, नाहीतर रोपवाटिकेवर. मला वाटतं, चूक बहुतेक वेळा कुंडीच्या तळाशी, डोळ्यांना न दिसणाऱ्या पाण्यात असते. ती समजून घ्यायची तर आधी मेढ्याहून वर कासला जावं.

कासचं पठार ही जांभ्या दगडाची एक प्रचंड परात आहे. तिच्यात मातीचा थर पातळ, काही ठिकाणी तर बोटभरसुद्धा नाही. पावसाळ्यात धो धो कोसळणारं पाणी जांभ्यात फारसं मुरत नाही, मातीतच साठून राहतं. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की तिथली हवा निघून जाते, आणि मुळांना तर श्वासासाठी हवा लागते. वर वाहतं पाणी मातीतलं अन्न धुऊन नेतं. अशा जागी जगायचं कसं, याची उत्तरं तिथल्या फुलांनी शोधली आहेत. ‘सीतेची आसवं’ हे इतकं कोमल नाव मिरवणारी वनस्पती जमिनीखालच्या चिमुकल्या पिशव्यांमध्ये सूक्ष्म जीव पकडते. ‘दवबिंदू’ चिकट थेंबांवर कीटक धरते. मातीत नत्र मिळत नाही म्हणून ते शिकारीतून मिळवायचं. तेरडा आणि गेंद यांनी दुसरी वाट धरली: पावसासोबत उगवायचं, झटपट फुलायचं, बी टाकायचं आणि माती तव्यासारखी तापण्याआधी मोकळं व्हायचं. २०१२मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात पश्चिम घाटासोबत गेलेलं हे पठार म्हणजे खडतर जमिनीशी केलेल्या तडजोडींचा संग्रह आहे. ती रंगांची चादर पाहून माती कसदार असेल असं कुणी समजू नये.

आपल्या गच्चीवरची कुंडी ही याच परातीची छोटी आवृत्ती असते. फरक एवढाच, की तिच्यात आपण कासची रोपं लावत नाही. टोमॅटो, मिरची, स्ट्रॉबेरी लावतो.

घरी करून बघण्यासारखा एक प्रयोग आहे. भांडी घासायचा आयताकृती स्पंज पाण्यात बुडवा आणि आडवा धरा. थेंब गळायचे थांबले की तोच स्पंज उभा करा. पुन्हा पाणी गळू लागेल. स्पंज तोच, पाणी तेच, वाढली ती फक्त उंची. कुंडीतल्या मातीचंही असंच असतं. तळाला भोक असलं तरी तळाच्या काही बोटांच्या थरात पाणी अडकून राहतं, कारण मातीच्या बारीक पोकळ्या ते धरून ठेवतात. उथळ कुंडीत हा चिखलाचा थर जवळजवळ मुळांपर्यंत पोचतो. खोल कुंडीत त्याच्यावर मुळांना मोकळी जागा उरते.

यातून आपल्याकडची एक जुनी सवय निकालात निघते. निचरा व्हावा म्हणून तळाशी खापराचे तुकडे आणि खडे भरायचे, हे आपण सगळे करत आलो. पण बारीक मातीतलं पाणी ती पूर्ण भिजल्याशिवाय खालच्या मोठ्या पोकळ्यांत उतरत नाही. चिखलाचा थर नाहीसा होत नाही, खड्यांच्या उंचीइतका वर सरकतो, आणि मुळांची जागा तेवढी कमी होते. भोकावर माती वाहून जाऊ नये म्हणून एखादं खापर ठीक. त्याहून जास्त नको.

तळाशी अडकलेलं हे पाणी सगळ्यात महाग पडतं ते घाईत फुलणाऱ्या रोपांना. ती कोणती, हे कळण्यासाठी आधी झाडं कधी फुलतात ते बघू. कोणतं झाड कधी फुलतं याचं एक मोठं कोडं अमेरिकेत गार्नर आणि अ‍ॅलर्ड या दोघांनी सोडवलं, तेही कुंड्यांच्याच मदतीने. १९१८च्या उन्हाळ्यात त्यांनी तंबाखूच्या कुंड्या रोज दुपारनंतर अंधाऱ्या खोपटात नेऊन ठेवल्या आणि सकाळी बाहेर काढल्या. दिवस लहान झाल्याचं ‘वाटून’ ती झाडं फुलली. शेवंती अशीच लहान दिवसांची वाट बघते. आपल्या डोंगरातल्या स्वीट चार्ली, कॅमारोसा, विंटर डॉन या स्ट्रॉबेरीच्या जातीही दिवस आखडले आणि रात्री गार झाल्या की फुलावर येतात. दुसरी तऱ्हा दिवसाची लांबी न बघणाऱ्या झाडांची. कॅलिफोर्निया विद्यापीठात ब्रिंगहर्स्ट आणि वोथ यांनी युटाच्या डोंगरातल्या रानटी स्ट्रॉबेरीचा हा गुण संकरातून उतरवला आणि १९७९मध्ये तशा जाती बाजारात आणल्या.

दिवसाची वाट बघणाऱ्या झाडाला थोडी उसंत असते. मूळ कुजलं, पान गळलं, तरी फुलण्याआधी ते सावरू शकतं. आपल्याच घड्याळाने चालणाऱ्या, थोड्या आयुष्याच्या रोपाला ती सवलत नाही. सुरुवातीलाच मूळ गुदमरलं, तर ते खुजं राहूनच फुलतं. म्हणून अशा रोपाचं भांडं, माती आणि पाणी लावणीच्या आधीच ठरवावं लागतं, आणि शक्य तर रोप शेवटपर्यंत ज्या कुंडीत राहणार, बी थेट तिच्यातच टाकावं.

मुळांचा विषय निघाला, की मला श्री. अ. दाभोळकरांबद्दल सविस्तर बोलायचं असतं. नरेंद्र दाभोलकरांचे हे एक थोरले बंधू, गणिताचे प्राध्यापक. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात शिकवताना त्यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला. तासगावच्या द्राक्ष बागायतदारांना त्यांनी एकमेकांच्या बागेत शिकायला लावलं, आणि ‘विपुलाच सृष्टी’ लिहून हा विचार घराघरांत नेला. त्यांचा भर पांढऱ्या मुळावर होता. पाणी आणि अन्न शोषून घेण्याचं मुख्य काम मुळाच्या कोवळ्या, पांढऱ्या टोकाजवळ चालतं. तपकिरी झालेलं मूळ मुख्यतः ते वाहून नेतं आणि झाडाला धरून ठेवतं. म्हणजे झाड जोपासायचं तर रोज नवं पांढरं मूळ फुटत राहील अशी परिस्थिती जोपासायची. त्यांचा दुसरा आग्रह असा, की माती विकत आणायची वस्तू नाही, ती पालापाचोळ्यातून घडवायची असते. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी खरकट्यातून आणि पाल्यातून बाग उभी केली, ती याच विचाराच्या वाटेवर. शेतकऱ्याला प्रयोग करणारा शास्त्रज्ञ मानणारा हा माणूस आज कृषी विभागाच्या पत्रकांत दिसत नाही, याची मला मनापासून खंत आहे.

आता कुंडीकडे. स्ट्रॉबेरीची बरीचशी मुळं वरच्या वीतभर मातीत राहतात, पण कुंडी नऊ-दहा इंच खोल घ्यावी. खालचा ओला थर सोडून मुळांना पुरेशी जागा उरली पाहिजे. टोमॅटोला फूटभर खोली हवी. मातीची कुंडी माठासारखी पाझरते. तिच्यातली मुळं गार राहतात, पाणी मात्र लवकर संपतं. काळं प्लास्टिक उन्हात तापतं, त्याला गोणपाट गुंडाळावं. कापडी ग्रो बॅगमध्ये मूळ कडेला हवेत पोचलं की त्याचं टोक थांबतं आणि मागून नवी मुळं फुटतात, म्हणजे पांढरी मुळं वाढतात.

नुसती तांबडी माती कुंडीत दगडासारखी बसते. कराडकडची काळी माती सुकली की कडेपासून सुटते आणि घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं. एक भाग तांबडी माती, एक भाग कोकोपीट आणि एक भाग पुरतं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, हे मिश्रण मला सगळ्यात भरवशाचं वाटतं. कोकोपीटमध्ये क्षार असतात आणि स्ट्रॉबेरीला ते सोसत नाहीत, म्हणून ते दोन-तीनदा धुऊन घ्यावं. रोप लावताना पानं जिथून फुटतात तो गड्डा मातीच्या पातळीवर ठेवावा. गाडला तर कुजतो.

पाण्याला वेळापत्रक नको. माझ्या गच्चीवर मी पहिल्या वर्षी रोज संध्याकाळी तांब्याभर पाणी घालत होतो आणि सगळी रोपं गेली. आता मी कुंडी उचलून बघतो. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. भरलेली कुंडी आणि हलकी झालेली कुंडी हाताला आठवडाभरात ओळखू येते. हलकी झाली की पाणी द्यायचं, तेही खालून थोडं बाहेर पडेपर्यंत, म्हणजे साठलेले क्षार वाहून जातात. ताटलीत उरलेलं पाणी ओतून टाकायचं. मग पुन्हा हलकी होईपर्यंत थांबायचं. पाणी उतरतं तेव्हा त्याच्या मागोमाग मातीत हवा शिरते, त्यामुळे हे थांबणंही मुळांना पाण्याइतकंच पोसतं.

कासहून परतताना एखादं रोप किंवा मूठभर माती घरी आणायचा मोह होतो. आणू नका. ती फुलं त्या परातीसाठीच घडली आहेत, आपल्या कुंडीत ती टिकणार नाहीत. घरी आल्यावर तेवढा स्पंज मात्र उभा धरून बघा, आणि मगच पहिलं रोप लावा.